तळं एक, वह्या तीन

पोस्ट मोठी आहे. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावाला लागू होणारा विषय आहे.

मे महिन्यातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका पाझर तलावावर गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण भांडण तीन माणसांचं होतं आणि तिघंही रोजच्या उठण्याबसण्यातले. तळ्यात पाणी म्हणाल तर मधोमध एक डबकं. एका अंगाला पोकलेन चालू, गाळ भरायला ट्रॅक्टरांची रांग. डबक्यात एकाची मोटर सोडलेली, लिंबोणीच्या बागेला शेवटचं पाणी. आणि काठावर खांद्यावर जाळं टाकून एक वयस्कर मासेमार उभे. समोर हातभर पाण्यात मासे तोंड वर काढून श्वास घेत होते, बरेचसे उलटे होऊन पांढरे पडले होते.

ट्रॅक्टरवाला म्हणत होता, "तळं कोरडं झाल्याशिवाय गाळ निघत नाही." बागवाला म्हणत होता, "झाडं मेली तर दहा वर्षं मागं जाईन." मासेमार तात्या काहीच बोलत नव्हते. मला बघितलं तेव्हा एवढंच म्हणाले, "सायेब, तुमी ट्रॉल्या मोजून बातमी देता. आमचं बीज मेलं, त्याची बातमी कवा देणार?"

खरं सांगतो, उत्तर नव्हतं. वीस वर्षांच्या पत्रकारितेत गाळाच्या बातम्या मी ढिगानं दिल्या. नारळ फोडतानाचे फोटो, ट्रॉल्यांचे आकडे, सगळं दिलं. आणि लपवत नाही, 2019 च्या उन्हाळ्यात माझ्याही मुरमाड रानात चाळीस ट्रॉल्या गाळ पडलाय. त्याच रानात आता हरभरा चांगला येतो. म्हणजे मीही त्या रांगेतलाच. त्या दिवशी घरी आल्यावर ठरवलं की या तळ्याचा, म्हणजे माती, मासा आणि पाणी या तिन्हींचा इतिहास एकत्र लिहायचा. आपण तो कायम वेगवेगळा वाचतो, भांडण तिथूनच सुरू होतं.

सुरुवात मातीपासून. आपल्या जिल्ह्यात माती उपसायचं काम आजचं नाही. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी टिपणात तगरचं नाव आहे. इथून कापड भडोच बंदरात जायचं असं त्यात लिहिलंय. कापड कापसाचं आणि कापूस काळ्या मातीचा. त्याच तेरमध्ये त्रिविक्रमाचं विटांचं जुनं मंदिर आजही उभं आहे. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात हे तर आपण शाळेच्या सहलीपासून ऐकत आलोय. मातीत भुसा कालवायचा, भाजताना भुसा जळून जायचा आणि वीट हलकी व्हायची. तेरणाकाठच्या माणसानं मातीचा गुण ओळखला होता तो असा. एकाच नदीकाठावर एकाला पीक दिसलं, दुसऱ्याला वीट.

आता पाणी. आपला जिल्हा दोन खोऱ्यांत विभागलेला आहे. मांजरा आणि तेरणेचं पाणी गोदावरीला जातं, सीना आणि बोरीचं भीमेतून कृष्णेला. बालाघाटचा डोंगर मधोमध. खाली काळा पाषाण, वर कुठं मुरूम, कुठं काळी. पावसाचा भरवसा नाही, म्हणून पाणी अडवण्याची धडपड जुनी. नळदुर्गला बोरी नदीवर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, दगडी धरण बांधलं गेलं. धरणाच्या पोटात पाणी महाल. पावसाळ्यात नर-मादी धबधबे बघायला आपण गाड्या भरून जातो ते हेच. पण हे पाणी अडवलं होतं ते किल्ल्यासाठी, संरक्षणासाठी. शेतकरी त्या हिशोबात नव्हता. ज्याच्या हातात सत्ता, त्याच्या कामासाठी पाणी, हा नियम इथं दगडात कोरलेला आहे.

तिसरा मासा. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांना पूर्वी उन्हाळ्यातही डोह असायचे. भोई समाजाची माणसं त्या डोहांवर जगायची. पालखी-मेणे वाहायचे, नावाडीपण करायचे, मासे धरायचे. मरळ, वाम, झिंगे. जाळं घरी विणलेलं, तरायला वाळलेल्या भोपळ्यांची सांगड. नदी आटली की वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या. म्हणजे पावसाळा-हिवाळा मासा, उन्हाळा टरबूज. पाणी मागं हटेल तसं माणूस पुढं सरकायचा. काठावरच्या शेतकऱ्याची मोट नदीचा तळ कोरडा करू शकत नव्हती, आणि बैलगाडीनं नेलेला गाळ असा किती जाणार? त्यामुळं तिघांचं भागायचं.

जुना काळ सोन्याचा होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. भोयाला डोहातला मासा मिळायचा, जमीन मिळत नव्हती. निजामाच्या राज्यात सारा जमिनीवर, त्यामुळं कागदावर नाव जमीनवाल्याचं. मासे धरणाऱ्याचा हक्क गावानं तोंडी मानलेला, लिहिलेला कुठंच नाही. तिघांचं भागत होतं ते कुणी न्यायानं वाटून दिलं म्हणून नव्हे. कुणाच्याच हातात सगळं ओढून घ्यायचं साधन नव्हतं, म्हणून.

17 सप्टेंबर 1948 ला आपण मुक्त झालो. पुढं धरणं आली, तलाव आले. पण गावोगावच्या पाझर तलावांची खरी कहाणी 1972 च्या दुष्काळाची आहे.

माझी आई आज पंच्याहत्तरीत आहे. त्या साली ती लग्न होऊन नुकतीच नांदायला आली होती. गावात काम नाही, ज्वारी नाही. तिनं तळ्याच्या कामावर डोक्यावर घमेल्यानं माती वाहिली. पुरुष टिकावानं खोदायचे, बाया वाहायच्या. खायला परदेशातून आलेली लाल मिलो, पोरांना सुकडी. आजही मिलोचं नाव काढलं की आई तोंड वाकडं करते. पण तळ्याचा विषय निघाला की म्हणते, "ती भिंत आमची हाय." मराठवाड्यात अशा कितीतरी भिंती उपाशी माणसांनी उभ्या केल्यात. याच दुष्काळात रोजगार हमीची योजना राज्यभर रुजली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा 2005 साली झाला. म्हणजे देशाला जी वाट पुढं सापडली, ती आपल्या दुष्काळी गावांनी आधी तुडवलेली होती.

पाझर तलाव म्हणजे काय, हे नव्या पोरांसाठी सांगतो. त्याला कालवा नसतो. अडवलेलं पाणी जमिनीत मुरावं, खालच्या अंगाच्या विहिरींना उतरावं, एवढंच त्याचं काम. मूळ कल्पनेत त्यातून थेट मोटर लावून उपसा करायचाच नसतो. एका मोटरवाल्याचं पाणी नाही ते, खालच्या पन्नास विहिरींचं आहे.

त्याच काळात माशाचंही चित्र बदललं. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपणहून सहसा अंडी घालत नाहीत, त्यांना नदीचा पूर लागतो. त्यामुळं पूर्वी बीज बंगालकडच्या नद्यांतून धरून आणावं लागायचं. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. आज देशात 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात तो त्याचसाठी. या शोधामुळं पुढं समुद्रापासून शेकडो किलोमीटर लांबच्या आपल्या तळ्यांतही बीज सोडता येऊ लागलं. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एका तळ्यात तिघं, आणि एकमेकांच्या तोंडचा घास कुणी फारसा काढत नाही. माशांना जमलेलं हे वाटप आपल्याला जमलं नाही, हाच या पोस्टचा विषय.

भोई समाजाच्या आणि इतरही मासेमारांच्या सहकारी संस्था झाल्या. तलाव ठेक्यानं मिळू लागले. संस्था ठेक्याचे पैसे भरते, ऑगस्ट-सप्टेंबरात बोटुकली सोडते आणि वर्षभर राखण करते. मासा विकण्याजोगा व्हायला आठ-दहा महिने लागतात, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत तळ्यात पाणी हवं. पाणी फेब्रुवारीत संपलं तर हाताला लागतो पावशेर-अर्ध्या किलोचा मासा. तोही सगळ्यांचा एकदम बाजारात येतो, म्हणजे भाव पडलेला. ठेक्याचे पैसे मात्र पूर्णच भरलेले असतात.

आणि पाणी फेब्रुवारीत का संपतं? वीज आली, मोटर आली, पाइपलाइन आली. ऊस आला. ऊस लावणाऱ्याला मी दोष देत नाही. हमखास पैसे देणारं पीक दुसरं कुठलं आहे, सांगा. पण पाटानं पाणी दिलं तर एकरभर उसाला वर्षाकाठी एक कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. 2012-13 चा दुष्काळ आपण भोगला, 2015-16 चा भोगला. एप्रिल 2016 मध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. देशभरचे कॅमेरे त्या गाडीवर होते. मांजरेच्या कोरड्या पात्रातल्या मासेमाराच्या घरात त्या वर्षी काय शिजलं, ते दाखवायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

मग आलं गाळाचं पर्व. 2017 साली सरकारनं 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली. 2023 मध्ये ती नव्यानं सुरू झाली, तेव्हा अल्पभूधारक, विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदानही ठेवलं. योजना चांगलीच आहे. हलक्या रानात गाळ पडला की ओल टिकते, पीक उभं राहतं, हे मी माझ्या रानात बघितलंय. तळ्यातही पाण्याला जागा होते. पण जरा हिशोब करू. एक ट्रॉली म्हणजे अंदाजे एक ब्रास, म्हणजे 2.83 घनमीटर. माझ्या रानात पडलेल्या चाळीस ट्रॉल्यांमुळं तळ्यात जागा झाली सुमारे 1 लाख 13 हजार लिटरची. ऐकायला भारी वाटतं. आता पाच एचपीची मोटर सेकंदाला पाच लिटर उपसते असं धरा. तासाला 18 हजार लिटर. म्हणजे चाळीस ट्रॉल्या गाळ काढून तयार झालेली जागा एक मोटर साधारण सव्वासहा तासांत रिकामी करते. वीज रात्रीची असली तर एका रात्रीत. गाळ काढल्याचा फोटो वर्षभर मिरवायचा आणि त्या जागेतलं पाणी एका रात्रीत उपसायचं, असा हा व्यवहार.

दुसरी गोष्ट. गाळ आला कुठून? इथं जरा लांबचं उदाहरण देतो. आयर्लंड देशात पीट नावाची काळी, भुसभुशीत माती असते. दलदलीत वनस्पती साचून, अर्धवट कुजून ती तयार होते. वर्षाला साधारण एक मिलिमीटर थर. तिथले लोक पिढ्यान् पिढ्या ती कापून, वाळवून चुलीत जाळत आले. 1946 साली सरकारी कंपनी निघाली, यंत्रं आली, पिटावर वीज तयार होऊ लागली. हजारो वर्षांत साचलेलं काही दशकांत संपायला लागलं. शेवटी 2021 च्या जानेवारीत त्या कंपनीनं पीट काढणं कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं रोपवाटिकेत ट्रेमध्ये जो कोकोपीट वापरतात, त्याच्या नावातला 'पीट' हाच, फक्त तो नारळाच्या काथ्याचा भुसा असतो.

आपला गाळ आणि ते पीट यात मोठा फरक आहे. पीट जागच्या जागी तयार होतं. आपला गाळ तळ्यात तयार होत नाही, तो वरच्या शिवारातून वाहून येतो. तळ्यातली प्रत्येक ट्रॉली ही वरच्या कुणाच्या तरी रानाची वरची, सकस माती आहे. वरचा शेतकरी गरीब, रान उताराचं, बांध फुटलेले. त्याची माती खाली येते आणि ज्याच्याकडं ट्रॅक्टर आहे तो ती उचलून स्वतःच्या रानात टाकतो. काही ठिकाणी ती शेतातही जात नाही, वीटभट्टीत जाते. वरच्या अंगाला बांधबंदिस्ती केली नाही तर काही पावसाळ्यांत तळं पुन्हा भरतं आणि आपण पुन्हा नारळ फोडायला मोकळे.

हे मी आईला सांगत होतो. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "आमी पाणी अडवाया माती टाकली. तुमी माती न्यायला पाणी सोडता व्हय?"

आता कागदावरचा घोळ बघा. तळ्यातला मासा मत्स्यव्यवसाय खात्याच्या वहीत. पाणी पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्याच्या वहीत. गाळ, मुरूम, वाळू निघाली की विषय महसूल खात्याचा. तळं एकच, वह्या तीन. एका वहीतला माणूस दुसऱ्या वहीत दिसत नाही. पोकलेन लावायची परवानगी देताना तळ्यात बीज सोडलंय का, हे कुणी विचारत नाही. ठेका देताना मार्चमध्ये पाणी राहील का, हे कुणी सांगत नाही. आणि पाणी हटल्यावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन धरणग्रस्तांना, भूमिहीनांना आधी मिळावी अशी रीत असली, तरी ती कोण पेरतो हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. असो.

नुसतं रडगाणं गाण्यात अर्थ नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती झाला, पाणी किती, आधी पिण्याचं, मग पिकाचं, त्यावरून कुठलं पीक घ्यायचं ते ठरतं. उसासारख्या पिकाला आणि शेतीसाठी बोअर पाडायला गावानं बंदी घातली. ते गाव आपल्यासारखंच कमी पावसाचं. आपण त्याच ताळेबंदात दोन रकाने वाढवायचे, मासा आणि माती.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. एक, तळ्याच्या दगडी पिचिंगवर तेलरंगानं एक पट्टा मारा. पाणी त्या पट्ट्याला टेकलं की मोटर बंद, मग ती सरपंचाची असो की पत्रकाराची. खालचं पाणी माशाला, जनावराला आणि विहिरींच्या पाझराला. दोन, गाळ काढायची तारीख मासेमारी संपल्यावरची, आणि ती संस्थेला विचारून. तीन, गाळाची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. आधी मुरमाड रानवाले आणि लहान शेतकरी, मग आपण. काळ्या रानाला गाळाची गरज नसते, उलट पाणी धरून रान चिबडतं. मुरूम लागला की खोदाई बंद, आणि भिंतीच्या पायथ्याला तर पोकलेनचा दात लागताच कामा नये. चार, जेवढे दिवस खाली गाळ काढला, तेवढेच दिवस वरच्या शिवारात बांध घाला.

यातलं काहीही खर्चाचं नाही. तेलरंगाचा एक डबा लागेल. अवघड आहे ते रात्री जाऊन मोटर बंद करायला लावणं, कारण ती आपल्याच भावकीतली असते. कृष्णेचं पाणी मराठवाड्यात येणार, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतोय. ते यावंच, हक्काचं आहे. पण आलेलं पाणी वाटायची सवय नसेल तर तेही एका रात्रीत उपसलं जाईल.

त्या दिवशी भांडण मिटलं नाही. मोटर संध्याकाळपर्यंत चालली, पोकलेन दुसऱ्या दिवशी डबक्यापर्यंत पोहोचला. तात्यांनी जेवढे जिवंत सापडले तेवढे मासे टोपल्यात भरले आणि रस्त्यावर बसून मागेल त्या भावाला विकले. मी अर्धा किलो घेतले. पैसे देताना म्हणालो, बातमी लिहितो. ते म्हणाले, "लिवा. पर पाऊस पडायच्या आत लिवा. आमाला परत बीज सोडायचंय."

म्हणून ही पोस्ट आज. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तळ्याचा विषय घ्यायला मी आमच्या गावात अर्ज देतोय. पट्टा किती उंचीवर मारायचा, हे ठरवायला मासेमार संस्थेला बोलवा, अशीही त्यात मागणी आहे. माझ्या विहिरीची मोटर त्या तळ्याच्या पाझरावरच चालते, तिचा हिशोबही मी सभेत वाचून दाखवणार. तुमच्या गावच्या तळ्यातून मागच्या उन्हाळ्यात गाळ कुणी नेला, पाणी कधी संपलं आणि मासेमाराच्या हाती काय लागलं, या तीन ओळी तुम्हीही लिहून काढा. तिन्ही एकाच वहीत.